शिकाऊ पिल्लाला वेळेत दार उघडा: ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सदस्य,
ठाणे शहरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: कर्णबधिर व्यक्तींच्या मदतीसाठी तयार होणाऱ्या शिकाऊ श्वानांना संस्थेच्या आवारात आणि लिफ्टमध्ये मुभा देण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

माझे आई-वडील दोघेही जन्मापासून कर्णबधिर आहेत आणि मी त्यांची एकुलती एक, ऐकू येणारी मुलगी आहे. चरईतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दाराची बेल वाजली की हातातला खेळ टाकून उठायचे, ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या कोपराला हात लावायचा, तिने मान वळवून ‘काय?’ अशी खूण केली की तिला दारापर्यंत न्यायचे, हे काम मी चार वर्षांची असल्यापासून केले. पहाटे नळाला पाणी आल्याची फुसफुस, कुकरच्या शिट्ट्या, खालून कोणी बाबांना मारलेली हाक, सारे काही माझ्या कानांतून त्या घरात येत असे. लग्नानंतर मी घोडबंदर रस्त्यावरच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला आले आणि ते घर एका अर्थाने पुन्हा निःशब्द झाले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी कुकरमधले पाणी आटले, डाळ करपून धूर झाला, शेजारच्या काकू कितीतरी वेळ दार ठोठावत राहिल्या, आणि आई-बाबा आतल्या खोलीत टीव्हीवर बातम्यांची चित्रे पाहत बसले होते. वास नाकात गेल्यावर आई धावली म्हणून थोडक्यात निभावले. आम्ही बेलला जोडलेला दिवा बसवला आणि उशीखाली ठेवायचे थरथरणारे गजराचे घड्याळ आणले. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, त्यांना मी नावे ठेवणार नाही. परंतु दिव्याकडे पाठ असली की तो दिसत नाही, आणि कुकर, हाक किंवा पडलेले भांडे यांना दिवा जोडता येत नाही. माणूस घरात जिथे असेल तिथे जाऊन त्याला हात लावून सांगणारे कोणीतरी हवे होते.

जगात हे काम श्वान करतात. त्यांना हिअरिंग डॉग म्हणतात. मराठीत आपण त्यांना श्रवण-साहाय्यक श्वान म्हणू. अमेरिकेत १९७०च्या दशकात असे श्वान शिकवण्यास सुरुवात झाली आणि त्यांपैकी अनेक श्वान निवारागृहांतून आणलेले, मिश्र जातीचे होते. ब्रिटनमध्ये ‘हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल’ ही संस्था १९८२ साली सुरू झाली, म्हणजे आपली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षी. जपानने २००२ साली साहाय्यक श्वानांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात अंधांचे वाटाडे श्वान, अपंगांना हालचालीत मदत करणारे श्वान आणि कर्णबधिरांचे श्रवण-साहाय्यक श्वान अशा तिघांनाही नावानिशी स्थान दिले. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेने श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्ती नोंदवल्या आहेत. तरीही अंध व्यक्तीबरोबरचा श्वान निदान चित्रपटांमुळे लोकांना ठाऊक असतो, आणि कर्णबधिर व्यक्तीबरोबरचा श्वान मात्र ‘हौसेने पाळलेला कुत्रा’ ठरतो. बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे.

म्हणून मी गेल्या वर्षी, वाहनतळात जन्मलेल्या एका गावठी कुत्रीच्या पिल्लांपैकी एक धीट, माणसाच्या चेहऱ्याकडे पाहणारे पिल्लू निवडले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ते आठ आठवड्यांचे असताना घरी आणले. तिचे नाव चाहूल. आई-बाबांनी तिच्यासाठी खुणांच्या भाषेतले नाव ठरवले आहे: डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटे हलकेच दोनदा टेकवायची. एक वर्षभर तिला मी वाढवावे, वळण लावावे, आवाजांची ओळख द्यावी, आणि पुढे ती चरईला जावी, असे ठरले. परदेशांतही साधारण हीच पद्धत आहे. पिल्लू पहिले वर्ष-सव्वा वर्ष एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढते आणि दीड-दोन वर्षांचे झाल्यावर कर्णबधिर जोडीदाराकडे सोपवले जाते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे तो सांगते. श्वानाच्या पिल्लाच्या आयुष्यात वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा एक छोटा काळ असतो, ज्यात ते जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग होऊन जाते. या काळात ज्याची ओळख झाली नाही त्याची पुढे भीती वाटण्याचा संभव फार वाढतो. पुढे मेहनतीने ती कमी करता येते. पण आठवड्याचे काम महिन्यांवर जाते आणि प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. ज्या श्वानाने आयुष्यभर आवाजांकडे उत्सुकतेने जायचे आहे, तो आवाजाला घाबरणारा निघाला तर त्याचे शिक्षण तिथेच थांबते.

त्यातही एक पेच असतो. याच आठवड्यांत पिल्लाच्या लसी अपुऱ्या असतात. पार्वोसारखा रोग जमिनीवरून, दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरतो, त्यामुळे लसीकरणाची मालिका साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होईस्तोवर त्याला रस्त्यावर मोकळे सोडता येत नाही. यावर उपाय एकच, पिल्लाला झोळीत किंवा कडेवर घेऊन जग दाखवायचे. मी जुन्या ओढणीची झोळी केली होती. त्या झोळीतून चाहूलला लिफ्टचा टिंग आवाज, लॉबीतली गर्दी, टीएमटीच्या बसचा ब्रेक, रसवंतीची घुंगरे, मासुंदा तलावाकाठची संध्याकाळ, रिक्षांची रांग हे सारे दाखवायचे असे मी वहीत तारीखवार लिहून ठेवले होते.

दुसऱ्याच दिवशी वॉचमनने मला लिफ्टपाशी अडवले. आमच्या संस्थेत ‘पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये मनाई, जिना वापरावा’ अशी सूचना फलकावर लावलेली होती. मी समितीला पत्र दिले, आई-बाबांच्या दिव्यांग ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या, पिल्लू कडेवरच असेल असेही लिहून दिले. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत ठेवू, असे उत्तर आले. सभेत तो पुढे ढकलून समितीकडे पाठवण्यात आला, आणि समितीची बैठक दसऱ्यानंतर भरली. परवानगी मिळाली, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. कोणाच्या मनात वाईट हेतू होता असे मला आजही वाटत नाही. पण तोपर्यंत चाहूल चौदा आठवड्यांची झाली होती. त्या सहा आठवड्यांत अकरा मजले चढ-उतार करून मी तिला दिवसातून जेमतेम एकदा खाली नेऊ शकले, आणि ज्या दिवशी ऑफिसमधून यायला उशीर झाला त्या दिवशी तेही जमले नाही. वहीतल्या यादीतल्या निम्म्याहून अधिक ओळी कोऱ्या राहिल्या.

परवानगीनंतर मी तिला प्रथमच लिफ्टपाशी जमिनीवर उभे केले. टिंग झाले, दार सरकले, आणि तिची शेपटी पोटाखाली गेली. मागचे दोन्ही पाय फरशीवर रोवून तिने सगळे वजन मागे टाकले आणि माझ्याकडे पाहिले. त्यानंतर रोज रात्री दहा वाजता, लिफ्टची वर्दळ ओसरल्यावर, मी उकडलेल्या कोंबडीचे मटारएवढे तुकडे घेऊन तिथे बसत असे. पहिला आठवडा फक्त बंद दाराकडे पाहण्याबद्दल तुकडा, मग टिंग आवाजाबद्दल, मग उंबऱ्यावर एक पाय टेकवण्याबद्दल. ती स्वतःहून आत येऊन बसली तेव्हा जानेवारी संपत आला होता. झोळीतून आठ-दहा फेऱ्यांत जे साधले असते त्याला तीन महिने लागले.

हे माझ्या एकटीचे गाऱ्हाणे असते तर मी आपला वेळ घेतला नसता. नियम करताना आपल्या डोळ्यांसमोर ‘तयार’ श्वान असतो आणि पिल्लू नसते, ही अडचण इतर देशांनाही आली आहे. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याचे संरक्षण प्रशिक्षित श्वानालाच मिळते. शिकत असलेल्या श्वानांसाठी तिथल्या अनेक राज्यांना वेगळी तरतूद करावी लागली. प्रशिक्षित श्वानाला दार उघडे आणि शिकणाऱ्या पिल्लाला बंद, अशी स्थिती राहिली तर प्रशिक्षित श्वान येणार कुठून?

हे शिक्षण नेमके कसे चालते, याची कल्पना आल्यावर आपल्या सभासदांच्या बऱ्याच शंका आपोआप मिटतील असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. चाहूलला मी आधी खुणा शिकवल्या, शब्द नंतर, कारण तिचे पुढचे आयुष्य खुणांच्या घरात जाणार आहे. बस, थांब, ये या तिन्हींसाठी हाताच्या खुणा आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काहीही न सांगता तिने अधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे पाहावे, याचे तिला बक्षीस मिळत गेले. मग आला स्पर्श. तळहात गुडघ्याशी धरला की त्याला नाकाने ढोसायचे, हा आधी निव्वळ खेळ होता. तो पक्का झाल्यावर त्याला आवाज जोडला. घड्याळाचा गजर मोबाइलवर अगदी हळू वाजवायचा, तिचे कान टवकारले की हात पुढे करायचा, तिने ढोसले की तुकडा. हळूहळू आवाज वाढतो, अंतर वाढते, मधे एक खोली येते, दोन येतात.

यानंतरच्या टप्प्याला दोन माणसे लागतात. माझा नवरा बाहेर जाऊन बेल दाबतो. चाहूल धावत येऊन मला ढोसते. मी दोन्ही तळवे वर करून ‘काय?’ अशी खूण करते. ती वळते, मी मागे येते आहे ना हे पाहत पाहत दारापर्यंत जाते आणि तिथे नवऱ्याच्या हातून तिला बक्षीस मिळते. ‘काय?’ ही तीच खूण आहे जी माझी आई मला करत असे. पहिल्यांदा चाहूलने मला असे दारापर्यंत नेले त्या संध्याकाळी मी दार उघडून उंबऱ्यावरच बसले आणि बराच वेळ उठले नाही.

धुराच्या अलार्मचा धडा वेगळा असतो. तिथे माणसाला आवाजाकडे नेणे म्हणजे आगीकडे नेणे होईल, म्हणून श्वानाने स्पर्श करून, ‘काय?’ विचारल्यावर जागच्या जागी जमिनीवर पडून राहायचे असते. त्याचा अर्थ: धोका आहे, बाहेर पडा. हा धडा अजून चालू आहे. चाहूल दहापैकी सात-आठ वेळा बरोबर करते आणि मला दहापैकी दहा हव्या आहेत.

या साऱ्यात भुंकणे कुठेही नाही, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींत भुंकण्याची तक्रार वरच्या क्रमांकावर असते. कर्णबधिर माणसाला भुंकण्याचा काही उपयोग नाही, म्हणून या श्वानांना भुंकून नव्हे तर स्पर्शाने सांगायला शिकवतात. नीट तयार झालेला श्रवण-साहाय्यक श्वान हा बहुधा इमारतीतला सर्वांत शांत श्वान असतो.

रस्त्यावरही त्याचा उपयोग होतो. बाबा राम मारुती रस्त्यावरून चालतात तेव्हा मागून येणारी दुचाकी हॉर्न देत राहते आणि मग चालक शिवी देऊन जातो, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. गाड्यांपासून वाचवणे हे या श्वानाचे नेमून दिलेले काम नाही. परंतु त्याचे कान आणि मान वळली की काहीतरी मागे आहे हे बाबांना दिसते. शिवाय त्याच्या अंगावरचे जाकीट इतरांना सांगते की याच्या माणसाला ऐकू येत नाही. चाहूलचे जाकीट आईने तिच्या शिलाई मशीनवर शिवले आहे; पिवळ्या कापडावर ‘शिकाऊ श्वान. कृपया हात लावू नका’ अशी अक्षरे आहेत.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतीही गृहनिर्माण संस्था बहुमताच्या ठरावानेसुद्धा पाळीव श्वानांवर बंदी घालू शकत नाही आणि त्यांना लिफ्ट नाकारू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये साहाय्यक श्वानांचा नावाने उल्लेख नाही, पण दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने जगता यावे यासाठी आवश्यक ते योग्य फेरबदल करण्याचे तत्त्व त्याच्या गाभ्याशी आहे. ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी तो अधिनियम आला आणि ज्याला भारताने २००७ साली मान्यता दिली, त्या करारात साधनांबरोबर सजीव साहाय्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. हे सारे मी वादासाठी मांडत नाही. कायद्याच्या बळावर मिळालेली लिफ्ट माझ्या उपयोगाची नाही, कारण पिल्लू लिफ्टमधल्या माणसांचे चेहरे वाचत असते आणि कपाळावर आठ्या असलेली माणसे त्याला काय शिकवतील, हे मला ठाऊक आहे. मला आपली संमती मनापासून हवी आहे.

काही सभासदांना श्वानांची भीती वाटते, हे मला पूर्ण मान्य आहे. आमच्याच मजल्यावरच्या एका आजोबांना लहानपणी कुत्रा चावला होता. आम्ही साधे ठरवले: ते लिफ्टपाशी असतील तर आम्ही पुढच्या फेरीने जातो. वर्षभरात त्यात कधी खंड पडला नाही. कोणाला केसांची ॲलर्जी असेल तर हाच उपाय लागू पडतो. ‘आधीच भटकी कुत्री कमी आहेत का’ हा प्रश्नही मला विचारला गेला. त्यामागचा त्रास मी नाकारत नाही, परंतु लसीकरण झालेला, पट्ट्याला बांधलेला, चोवीस तास एका माणसाच्या जबाबदारीवर असलेला श्वान हा त्या प्रश्नाचा भाग नाही. उद्या कोणीही जाकीट घालून आपला कुत्रा शिकाऊ म्हणून आणेल, ही शंका मात्र रास्त आहे. तिच्यासाठी समितीने ज्या व्यक्तीसाठी श्वान तयार होत आहे तिच्या दिव्यांग ओळखपत्राची प्रत, पशुवैद्यकाचे लसीकरणाचे पुस्तक, महापालिकेचा श्वान परवाना आणि दर महिन्याची प्रशिक्षणाची नोंद मागावी. जो खरोखर शिकवत असतो त्याच्याकडे अशी वही असतेच.

माझी मागणी मोठी नाही. असा अर्ज आल्यावर तो सभेच्या तारखेसाठी थांबवू नये. अध्यक्ष किंवा सचिवांनी आठ दिवसांत लेखी तात्पुरती परवानगी द्यावी आणि समितीने ती नंतर कायम करावी किंवा कारण देऊन मागे घ्यावी. परवानगीत लिफ्ट, लॉबी, जिना आणि उद्यानाची कड यांचा स्पष्ट उल्लेख असावा, म्हणजे पाळी बदलली की नव्या वॉचमनशी पहिल्यापासून बोलावे लागणार नाही. जाकीट घातलेल्या पिल्लाला कोणी खाऊ देऊ नये, हाका मारू नयेत, हात लावू नये, एवढे एका ओळीत फलकावर लिहावे. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. आमच्या इमारतीतली मुले आता नव्या पाहुण्यांना स्वतःच अडवतात. विष्ठा उचलणे, पट्टा, लसी, परवाना आणि श्वानाकडून झालेल्या कोणत्याही नुकसानीची भरपाई ही सर्व जबाबदारी सांभाळणाऱ्याची, आणि तसे आम्ही आनंदाने लिहून देऊ. सगळीच पिल्ले या कामात उत्तीर्ण होत नाहीत. जे होणार नाही त्याने परवानगीतल्या खास सवलती परत कराव्यात, हेही लिहून घ्या.

हे पत्र आजच लिहिण्याचे कारण असे की ३० सप्टेंबरच्या आत आपणा सर्वांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायच्या आहेत. चाहूल आता चौदा महिन्यांची आहे आणि दिवाळीनंतर चरईला राहायला जाईल; तिची लिफ्टची गरजच संपेल, कारण त्या इमारतीला लिफ्ट नाही. परंतु आई-बाबांच्या कर्णबधिर मित्रमंडळींपैकी एका काकूंसाठी दुसरे पिल्लू ठरले आहे. काकू एकट्या असतात, आणि ते पिल्लू त्यांची भाची वाढवणार आहे. ती ठाण्यातल्या ज्या सोसायटीत नवव्या मजल्यावर राहते तिचे अध्यक्षही हे पत्र वाचत असतील. पिल्लू सध्या पाच आठवड्यांचे आहे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरी येईल. तिचा अर्ज येत्या सोमवारी आपल्या कार्यालयात येत आहे.

आपली नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेची सभासद,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)